सत्तावीस पुड्या

दाराचा आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, डब्याच्या तळाशी चकल्यांचे तुकडे उरलेले असतात, आणि आमच्या बागेत पोपटी रंग येतो. ऑक्टोबरात छाटलेल्या काड्यांवर नवी फूट आलेली असते. त्या फुटीत द्राक्षाचा घड असतो, करंगळीएवढा, मणी-बिणी काही नाही, नुसता कळ्यांचा तुरा. रंग थेट पोपटाचा. आमच्याकडचे द्राक्षवाले या दिवसांनाच 'पोपटी' म्हणतात. "तुमची पोपटी कधी?" "परवा." एवढंच बोलतात आणि मोटारसायकलला किक मारून निघून जातात. पण या आठवड्यात घडाला द्यायचं औषध जरा इकडचं तिकडे झालं तर त्या बागेचं वर्ष गेलं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही.

मी नाशकात राहते, गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं, आता निवृत्तीला आले. शेताशी माझा संबंध भावाने आणून दिलेल्या द्राक्षांच्या पेटीपुरता. तरी दर वर्षी पोपटीला मी दोन दिवस ओझरच्या पलीकडे, बाणगंगेकाठच्या आमच्या वस्तीवर जातेच. का जाते हे कुणी विचारलं तर म्हणते, हवा छान असते. हवा छान असतेच. सकाळी तोंडातून वाफ निघते, तारांवर दव लोंबत असतं आणि मांडवाखाली वाकून चाललं की मानेवर थेंब पडून अंगावर शहारा येतो. पण मी हवेसाठी जात नाही. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी, तशी जाते.

यंदा पोचले तर ऋतुजा आधीच येऊन बसलेली. ऋतुजा म्हणजे माझ्या भावाची, सुनीलची मुलगी. ती वैमानिक व्हायला निघाली आहे. विमान शिकवणाऱ्या शाळेतून परीक्षेच्या अभ्यासासाठी सुट्टी घेऊन घरी आली होती, आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करत होती. सकाळी नऊचा सुमार. आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. शेजारी बसलेल्या दत्तूकाकांचा चष्मा सापडेना म्हणून ती त्यांच्या कपाटात शिरली आणि चष्म्याऐवजी एक घड्याळ घेऊन बाहेर आली.

"आजोबा, हे स्लाइड रूलवालं घड्याळ आहे! कडं फिरतंय अजून. आमच्या एका सरांकडे असंच आहे, पण ते नुसतं मिरवतात. खरं सांगा, पायलट लोक कधी वापरायचे हे? का आपली स्टाइल?"

काकांनी तोंड उघडायच्या आत सुनील खो खो हसला. "त्यांला काय विचारती? सत्तावीसला घड्याळाचं विचारती व्हय!"

ओट्याखाली फवारणीचा पाइप सोडवत बसलेल्या बायकाही हसल्या. काका हसले. मी चहाच्या कपात बघत राहिले.

दत्तूकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही, विमानं चालवली. प्रवाशांची नव्हेत, कापसावर औषध फवारणारी, एका माणसाची छोटी विमानं. पिकाच्या डोक्यावरून दोन पुरुष उंचीने जायचं, बांधावरचं झाड आलं की वर उचलायचं, पलीकडे परत खाली आणायचं. वर्षातून एकदा ते घरी येत, तेव्हा कपड्यांना औषधाचा वास आणि मनगटावर हे घड्याळ. वडील, म्हणजे आमचे दादा, त्यांच्याशी बेताने बोलत. वस्तीवरची माणसं त्यांना 'साहेब' म्हणत आणि दोन पावलं लांब उभी राहत. पुढे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तपासणीत साखर निघाली आणि त्यांचं उडणं थांबलं. पावसाळ्याच्या शेवटी एक पत्र्याची पेटी घेऊन ते कायमचे घरी आले. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत वस्तीवर होते.

त्या थंडीतले काका मला जसेच्या तसे दिसतात. दादांचा जुना स्वेटर, पायात कडक बूट, मांडवाखाली उंच माणसाला चालता येत नाही म्हणून सतत झुकलेली मान. ओझरच्या धावपट्टीवरून विमान उठलं की आम्ही सगळे वर बघायचो. घराची तावदानं थरथरायची, कोंबड्या पळायच्या. काका वर बघत नसत. मनगटावर बघत. आवाज विरेपर्यंत घड्याळावरची नजर काढत नसत, आणि मग पुढच्या वेलीकडे वळत. मला तेव्हा त्यांची कीव यायची. आता त्याच वयाची होऊन पुढे आले आणि वाटतं, कीव कसली, आपलंही काम असंच एक दिवस थांबेल याची भीती वाटायला हवी होती.

दुपारी जेवणं झाली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. त्यांनी मला ते घड्याळ शिकवलं. तबकडीभोवती आकड्यांची दोन वर्तुळं होती. आतलं पक्कं, बाहेरचं कड्यासकट फिरणारं. दोन्हींवर तेच आकडे, दहापासून नव्वदपर्यंत आणि फिरून पुन्हा दहा, सुरुवातीला ऐसपैस आणि पुढे दाटीवाटीने बसलेले. गुणाकार करायचा तर बाहेरचा एक आकडा आतल्या दहावर आणायचा आणि आतल्या दुसऱ्या आकड्यासमोर बाहेर काय आलं ते वाचायचं. झालं. टाकीत औषध किती, ते किती एकराला पुरेल, किती मिनिटांत शेत येईल, सगळं त्या दोन वर्तुळांत.

"पण एक हात विमानाच्या दांडीवर, मग कडं कसं फिरवायचात?" मी विचारलं.

त्यांनी डावा हात गुडघ्यावर टेकवला आणि कडं पँटवर घासून फिरवून दाखवलं. त्यांच्या पेटीतल्या सगळ्या पँटी डाव्या गुडघ्यावर विरलेल्या होत्या. आई त्या ठिगळायला काढायची आणि म्हणायची, भाऊजी विमान चालवतात का फरशी पुसतात.

"एक लक्षात ठेव शैला," काका म्हणाले. "ह्याला शून्य कळत नाही. हे सत्तावीस दाखवील. ते सत्तावीस असेल, दोनशे सत्तर असेल, नाहीतर दोन पूर्णांक सात. शून्य आपण सांभाळायचं. आधी मनात अंदाज धरायचा, मग कड्याला हात लावायचा."

मी मान डोलावली. पण मनातून हसूच येत होतं. कॉलेजात गणितात पहिली येणारी मुलगी मी, आणि मला शून्य सांभाळायला शिकवतायत.

पोपटीतली पहिली फवारणी काकांनी स्वतः करून घेतली. घड लांबावा, मोकळा व्हावा म्हणून जे औषध देतात त्याला आमच्याकडे जीए म्हणतात. पांढरी भुकटी, एकेका ग्रॅमच्या पुडीत यायची. पुड्या आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि मग ड्रममध्ये ओतायच्या. पुड्या फोडायचं काम मंजुळाबाईचं. ती पेठ तालुक्यातली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, दर हंगामाला आठ-दहा बाया घेऊन यायची. त्या दिवशी दोनशे लिटरच्या ड्रमला दोन पुड्या लागल्या. स्पिरिटचा तो वास, दवात भिजलेली पानं आणि मांडवाखालून येणारं बायांचं बोलणं, पोपटी म्हटलं की हे तिन्ही एकदम येतं.

चार दिवसांनी दुसरी फवारणी, जरा जास्त तीव्रतेची, लिटरला पंधरा मिलिग्रॅम. नेमकं त्याच दिवशी काकांना उपाशीपोटी साखर तपासायला नाशिकला जायचं होतं. निघताना त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "ड्रम काठाशी तडकलाय, एकशे ऐंशीच भरा. डोस काढ आणि ऊन चढायच्या आत सुरू करा." किती विश्वासाने दिलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

बाहेरचा अठरा मी आतल्या दहावर आणला. आतल्या पंधरासमोर बघितलं. पंचवीसच्या पुढे दोन बारीक रेघा. सत्तावीस. अगदी रेघेवर रेघ. ना अपूर्णांक, ना उरलंसुरलं, उत्तर पूर्ण आलं याचाच मला आनंद झाला. मी खोक्यातून मोजून सत्तावीस पुड्या मंजुळाबाईपुढे ठेवल्या. पुढच्या सगळ्या कामांसाठी आणलेलं खोकं होतं ते, निम्म्याहून अधिक रिकामं झालं. तेसुद्धा मला खटकलं नाही.

पाच-सहा पुड्या फोडून ती थांबली. "ताई, त्या दिशी दोनच फोडल्या व्हत्या. आज येवढ्या?"

"आज डोस वाढवायचाय."

"वाढवायचा म्हंजी... येवढा?"

"मंजुळाबाई, हिशेब मी केलाय. तुम्ही फोडा."

तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या पुडीकडे बघितलं आणि नखाने कोपरा फाडला. मला आजही तो आवाज ऐकू येतो. जो अंदाज मी मनात धरायला हवा होता तो समोर पाटावर बसून मला विचारत होता, आणि मी त्याला गप्प बसवलं.

काका दुपारी आले. रिकाम्या पुड्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून मंजुळाबाईने बांधावर दगडाखाली ठेवल्या होत्या. काकांनी दगड उचलला, पुड्या मोजल्या, परत दगड ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी काही विचारायच्या आतच मला कळलं. दोन पूर्णांक सात. ड्रम तोवर रिकामा झाला होता, खालच्या तुकड्यातली अर्धा एकर बाग ओली होऊन उन्हात चमकत होती. आठ दिवसांत तिथले देठ सुतळीसारखे लांबून पिळवटले, कळ्या बोट लागलं की झडायला लागल्या. जे मणी धरले ते मोहरीएवढेच राहिले.

पण ते नंतर. त्या दुपारी दादा बांधावर आले आणि पुड्यांचा ढीग बघून म्हणाले, "हे काय?"

मला पुढे शिकायला पुण्याला जायचं होतं. दादांच्या मनात नव्हतं. पोरगी एवढं गणित शिकून करणार काय, हे घरात रोजचं झालं होतं, आणि काका रोज माझ्या बाजूने बोलत होते. काकांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. "डोस माझा चुकला दादा," ते म्हणाले. "जाताना मीच सांगून गेलो होतो. एका शून्याची गफलत."

मी तोंड उघडलं. तेव्हा मात्र त्यांनी बघितलं. पानावरून उठू पाहणाऱ्या लेकराला मोठी माणसं डोळ्यांनी बसवतात, तसं बसवलं. मी गप्प राहिले. पुढच्या जूनमध्ये पुण्याला गेले.

अशा गोष्टी वस्तीवर झाकून राहत नाहीत. आभाळातून फवारणारा माणूस जमिनीवर चुकला, यापेक्षा गमतीचं लोकांना काय मिळणार? साहेबाचे दत्तूशेठ झाले नाहीत की दत्तूभाऊ झाले नाहीत, एकदम 'सत्तावीस' झाले. सत्तावीस आले, सत्तावीसला विचारा, सत्तावीसच्या घराशेजारी वळा. काकांनी घड्याळ कपाटात टाकलं ते टाकलंच. मी सुट्टीत यायचे, लोक त्यांना हाक मारायचे आणि दर वेळी मी मान खाली घालायचे. काका मात्र ओ द्यायचे.

आणि मी तीसेक वर्षं वर्गात काय सांगत आले? आधी अंदाज करा, मग आकडेमोड. उत्तर शेकड्यात येणार की हजारात, हे ठरवल्याशिवाय पेन उचलू नका. मुलांना ते फार आवडायचं. भेटायला येणारे जुने विद्यार्थी हमखास म्हणतात, मॅडम, तुमचं ते वाक्य विसरलो नाही. ते वाक्य माझं नाही. ज्याचं आहे तो माझ्या चुकीचं नाव लावून वस्तीवर बसला आहे, हे त्यांना कसं सांगणार? लाज वाटायची, आणि ती लाज घेऊन मी पुढच्या तासाला पुन्हा तेच वाक्य म्हणायचे.

यंदाच्या त्या सकाळी ऋतुजाचा प्रश्न तसाच होता. हसणं ओसरल्यावर तिने पुन्हा विचारलं, "नाही, पण आजोबा, खरंच. आता तर सगळं टॅबलेटवर दिसतं. परीक्षेला ते गोल, प्लास्टिकचं मोठं स्लाइड रूल अजून शिकवतात, तेवढंच. घड्याळातलं कुणी वापरत नाही."

काका आता ब्याऐंशीचे आहेत. साखरेने डोळे अधू झाले आहेत, घड्याळावरचे आकडे त्यांना मुळीच दिसत नाहीत. त्यांनी ते हातात घेतलं, अंगठ्याने कडं थोडं फिरवलं आणि म्हणाले, "वापरायचे काही जण. पण ज्याला अंदाज असायचा त्याला ह्याची फार गरज पडायची नाही. आणि ज्याला अंदाज नसायचा त्याला हे असून उपयोग नव्हता."

ऋतुजा विचारात पडली. हुशार आहे ती. "म्हणजे तुम्ही अंदाजवाले. मग सत्तावीस पुड्या कशा पडल्या?"

"होतं कधी कधी," काका म्हणाले.

सुनील पुन्हा हसायच्या बेतात होता. आणि मला एकदम ते सोसेना. या मुलीने विमान चालवायचं आणि मनात काय ठेवायचं, की आजोबा घड्याळ वाचायला चुकले? मी कप खाली ठेवला.

"त्यांच्या हातून नाही पडल्या," मी म्हणाले. "ते नाशिकला गेले होते. घड्याळ माझ्या हातात होतं. सत्तावीस मी वाचलं. मंजुळाबाईने दोनदा विचारलं, मी तिला गप्प केलं."

सुनीलचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. खालून पाइप बाजूला टाकल्याचा आवाज आला. मंजुळाबाई अजून येते, आता सुनेला घेऊन. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मंग? मी काय म्हनले व्हते ताईंला? दोनच फोडल्या व्हत्या! साहेब म्हनले माझं चुकलं, म्हनून गप ऱ्हायले."

"तुमचं ऐकायला हवं होतं मंजुळाबाई," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या आता. तवापासून मी बी पुड्या इचारून फोडती."

सुनील काकांकडे वळला. "म्हंजी इतके वर्षं आम्ही तुम्हाला उगाच...? काका, बोलायचं ना तुम्ही!"

मला वाटलं होतं काका माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, निदान डोळे पुसतील. ते चक्क चिडले. "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" माझ्यावरच खेकसले. "पेटी घेऊन आलो तेव्हा साहेब म्हणायचे मला. साहेब म्हणून कुणी ओट्यावर चढत नव्हतं. चहा दिला तर उभ्याने प्यायचे, खाली. चुकलो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी चार जण बघायला आले, हसले आणि इथे बसले. तेव्हापासून बसतायत. हिच्यासाठी खोटं बोललो ते एक दिवस. पुढचं माझं मी कमावलंय. आता मला हाक काय मारणार? परत साहेब?"

एवढी वर्षं मी ज्याला शिक्षा समजत होते, त्यात ते घर करून राहिले होते. मला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यावर पदर कशाला लावायचा ते कळेना.

ऋतुजाने घड्याळ उचललं. "आजोबा, हे मी नेऊ? परीक्षेला?"

"नाही," काका म्हणाले. "चूक जिची, घड्याळ तिचं. दे तिला."

तिने ते माझ्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल होता, शेवटच्या भोकातही सैल. मी बाहेरचा अठरा आतल्या दहावर आणला. चाळिशीच्या काचेतून डोळे बारीक करून आतल्या पंधरासमोर बघितलं. पण त्याआधी मनात म्हणाले, दोन आणि तीनच्या मध्ये.

सुनील खाली उतरला होता. बायाही त्याच्या मागे गेल्या. ड्रममध्ये पाणी पडायला लागल्याचा आवाज आला, मग पंप एकदा खोकून बंद झाला. सुनीलच्या मोबाइलवर डोस बिनचूक, टिंबासकट येतो, त्याला कुणाची गरज नाही. तरी थोड्या वेळाने मांडवाखालून त्याची हाक आली, जरा चाचरत, पण पूर्वीसारखीच मोठ्याने.

"ओ सत्तावीस! पुड्या किती घ्यायच्या?"

ओट्यावरून आम्ही दोघांनी एकदमच ओ दिली.